गाडीत ब्लूटूथ जुळत नाही? ज्या राजाच्या नावाने ते चालतं, त्याची जोडणीही अशीच तुटली होती

नागपूरच्या उन्हात तापलेली गाडी काढायची, एसी लावायचा आणि वर्धा रोडला लागण्याआधी गाणी सुरू करायची. बेत एवढाच असतो. पण फोन गाडीला सापडत नाही. सापडला तर जुळत नाही. कालपर्यंत आपसूक जोडला जाणारा फोन आज गाडी ओळखतच नाही. मग आपण ब्लूटूथ बंद करतो, चालू करतो, पुन्हा बंद करतो आणि शेवटी त्या ब्लूटूथलाच चार शिव्या हासडतो.

गंमत अशी, की त्या शिव्या एका खऱ्याखुऱ्या माणसाच्या नावाला लागतात. ब्लूटूथ हे डेन्मार्कच्या एका राजाचं टोपणनाव. हा राजा वारला त्याला हजार वर्षं उलटून गेली. त्याने विखुरलेले प्रदेश जोडले, पूल बांधला, किल्ले उभारले, प्रजेला नवा धर्म दिला. आणि अखेरीस पोटच्या मुलानेच त्याला राज्यातून हुसकावून लावलं.

त्याचं आयुष्य समजून घेतलं, तर फोन आणि गाडीचं नेमकं कुठे बिनसतं हेही सहज लक्षात येतं. आधी राजाची गोष्ट पाहू, मग गाडीकडे वळू.

निळा दात की काळा दात?

राजाचं नाव हॅराल्ड. वडिलांचं नाव गॉर्म, म्हणून हॅराल्ड गॉर्मसन. ब्लूटूथ हे त्याच्या टोपणनावाचं इंग्रजी रूप. डॅनिश भाषेत ते ब्लोटान असं म्हटलं जातं. शब्दशः अर्थ निळा दात.

त्याला ब्लूबेरी फार आवडायच्या, त्या खाऊन दात निळे झाले होते, अशी एक कथा इंटरनेटवर फिरते. तिला काहीही आधार नाही. खरं कारण बहुधा साधंच असावं. जुन्या नॉर्स भाषेत निळ्यासाठी जो शब्द होता, त्यात काळपट, गडद अशी छटाही येत असे. आपल्याला हे समजायला जड नाही. सावळा कृष्ण आपल्याकडच्या चित्रांत निळा रंगवतात, तसंच काहीसं. राजाचा एखादा पुढचा दात किडून काळा पडला असेल आणि लोकांनी त्यावरून नाव पाडलं असेल, असं बहुतेक अभ्यासकांना वाटतं.

हे नाव पहिल्यांदा लेखी सापडतं ते बाराव्या शतकातल्या एका बखरीत, म्हणजे राजा गेल्यावर सुमारे दीडशे वर्षांनी. हयातीत त्याला कोणी तोंडावर काळदात्या म्हटलं असेल का, कोण जाणे. त्याने स्वतः कोरून घेतलेल्या शिळेवर तो फक्त राजा हॅराल्ड आहे.

येलिंग गावातलं घराणं

आजच्या डेन्मार्कचा जो भाग जर्मनीला जमिनीने जोडलेला आहे, त्याला जटलंड म्हणतात. तिथे येलिंग नावाचं छोटं गाव आहे. दहाव्या शतकात इथे गॉर्म राजाचं ठाणं होतं. त्या काळात आजच्यासारखा एकसंध डेन्मार्क नव्हता. जटलंडचा द्वीपकल्प, फ्यून आणि झीलंडसारखी बेटं, समुद्रापलीकडे आजच्या स्वीडनमध्ये असलेला स्कोने प्रांत, असे तुकडे होते. प्रत्येक ठिकाणी आपापले सरदार. मधे समुद्र, खाड्या, दलदल.

गॉर्मच्या राणीचं नाव थायरा. ती वारल्यावर गॉर्मने तिच्या स्मरणार्थ येलिंगला एक शिळा उभी केली. डेन्मार्क हे नाव खुद्द त्या देशात पहिल्यांदा कोरलेलं सापडतं ते या शिळेवर. थायरा नुसती नावापुरती राणी नसावी. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या अभ्यासकांनी त्या काळच्या शिळांचं थ्रीडी स्कॅनिंग केलं आणि छिन्नीच्या घावांवरून कोरणारा हात ओळखला. येलिंगची मोठी शिळा आणि थायरा नावाच्या राणीचा उल्लेख असलेली दुसरीकडची एक शिळा एकाच कारागिराने कोरलेली निघाली. तेव्हा दोन्हींवरची थायरा एकच असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या काळात एका बाईची एवढ्या शिळांवर आठवण कोरली जाणं ही मोठी गोष्ट होती.

गॉर्म वारला ९५८ च्या सुमारास. हे साल कसं कळलं? येलिंगच्या उत्तरेकडच्या प्रचंड मातीच्या टेकाडाखाली लाकडी दफनकक्ष सापडला. त्यातल्या लाकडाच्या वार्षिक वलयांवरून झाड कधी तोडलं ते काढता आलं. कक्ष मात्र रिकामा होता. पुढे तिथल्या चर्चच्या जमिनीखाली एका पुरुषाची हाडं मिळाली. अनेक अभ्यासकांच्या मते ती गॉर्मचीच. हॅराल्डने ख्रिस्ती झाल्यावर वडिलांना जुन्या पद्धतीच्या टेकाडातून काढून चर्चमध्ये आणलं असावं.

तापलेलं लोखंड

वडिलांमागे हॅराल्ड गादीवर आला तेव्हा दक्षिणेला जर्मन सम्राटाचं राज्य बळावत होतं. ते ख्रिस्ती होतं. डेन लोक अजून थोर आणि ओडिन या जुन्या देवांना मानत. ९४८ मध्येच जर्मन चर्चने डॅनिश गावांसाठी बिशप नेमून ठेवले होते. शेजारी बिगरख्रिस्ती आहे, हे चढाईसाठी त्या काळी पुरेसं कारण होतं.

९६० च्या दशकात हॅराल्डने बाप्तिस्मा घेतला. सॅक्सनीचा समकालीन मठवासी विडुकिंड याने लिहिलेली हकिगत अशी: मेजवानीत देवांवरून वाद निघाला. पोप्पो नावाच्या धर्मगुरूने एकच देव खरा असल्याचं सांगितलं. राजाने त्याला हे सिद्ध करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोप्पोने तापवलेलं लोखंड हातात धरलं आणि हात दाखवला तर भाजल्याची खूण नाही. राजाने तिथेच धर्म बदलला.

ब्रेमेनचा आदाम हा शंभरेक वर्षांनंतरचा लेखक वेगळंच सांगतो. त्याच्या म्हणण्यानुसार जर्मन सम्राटाने युद्धात हरवल्यावर राजाने बाप्तिस्मा घेतला. दोन्ही हकिगती जर्मन बाजूच्या. खुद्द राजाने आपली बाजू दगडावर लिहून ठेवली.

दगडावरचा दावा

येलिंगला गॉर्मच्या शिळेशेजारी हॅराल्डने दुसरी शिळा उभारली. उंची सुमारे अडीच मीटर, वजन अंदाजे १० टन. एका बाजूला रून लिपीतला मजकूर, दुसऱ्या बाजूला सापाने वेढलेलं एक बलदंड जनावर, तिसऱ्या बाजूला हात पसरलेला ख्रिस्त. मजकुराचा सारांश असा, की राजा हॅराल्डने आई-वडिलांच्या स्मरणार्थ ही शिळा करवली, आणि हा तोच हॅराल्ड, ज्याने सगळा डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकला आणि डेन लोकांना ख्रिस्ती केलं.

म्हणजे स्मारक आई-वडिलांचं, पण बढाई स्वतःची. तरी या शिळेचं मोल कमी होत नाही. येलिंगची टेकाडं, शिळा आणि चर्च १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. डेन्मार्कच्या पासपोर्टवर याच शिळेवरच्या ख्रिस्ताचं चित्र असतं. डेन्मार्क ख्रिस्ती झाला त्याची नोंद म्हणून तिला देशाचा जन्मदाखला म्हणायची पद्धत आहे.

या शिळेत तीन दावे आहेत: डेन्मार्क, नॉर्वे आणि धर्म. यातलं काय टिकलं आणि काय सुटलं, हा पुढच्या गोष्टीचा गाभा आहे.

नागपूरकरांना ओळखीचा वाटेल असा राजा

तुकडे जोडून राज्य उभं करणारा आणि बलाढ्य सम्राटाच्या सावलीत धर्म बदलणारा राजा नागपूरकरांना नवा नाही. देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी औरंगजेबाच्या दरबाराशी संबंध जोडले, इस्लाम स्वीकारला आणि बख्त बुलंद हा किताब मिळवला. परतल्यावर १७०२ च्या सुमारास त्यांनी नाग नदीच्या काठच्या बारा छोट्या वस्त्या रस्त्यांनी एकमेकींना जोडल्या. त्यातून जे शहर उभं राहिलं ते आपलं नागपूर. त्यांचे पुत्र चांद सुलतान यांनी इथे राजधानी आणली, शहराला तटबंदी केली आणि तलाव बांधला. जुम्मा तलाव, शुक्रवारी तलाव आणि आता गांधीसागर अशी त्या तलावाची नावं बदलत गेली.

दोन्ही राजांनी नुसती जमीन ताब्यात घेण्यावर भागवलं नाही. लोकांना ये-जा करता येईल अशी व्यवस्था केली. फरक पडला तो पुढच्या पिढीत. बख्त बुलंद यांच्या मुलाने वडिलांचं काम पुढे नेलं. हॅराल्डच्या नशिबी तसं नव्हतं.

दलदलीवरचा पूल आणि गोल किल्ले

येलिंगच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर वायले नदीचं खोरं आहे. तिथली जमीन दलदलीची. घोडा, बैलगाडी, सैन्य सगळंच तिथे अडायचं. ९८० च्या सुमारास हॅराल्डने रावनिंग गावाजवळ या दलदलीवर लाकडी पूल बांधला. लांबी सुमारे ७६० मीटर, रुंदी ५ मीटर. हजाराहून जास्त ओकचे खांब चिखलात ठोकले होते. डेन्मार्कमध्ये याहून लांब पूल बांधला जायला १९३५ साल उजाडावं लागलं.

याच काळात त्याने किल्ले बांधले आणि तेही अगदी कंपासने आखल्यासारखे गोल. चार दिशांना चार दरवाजे, मधून एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन रस्ते. ट्रेलेबोर्ग, फ्यूरकॅट, अगर्सबोर्ग, ओडेन्सचा नॉनबक्कन आणि २०१४ मध्ये उजेडात आलेला बोर्गरिंग असे पाच किल्ले डेन्मार्कात माहीत आहेत. ट्रेलेबोर्गचा आतला व्यास १३६ मीटर, अगर्सबोर्गचा तब्बल २४० मीटर. ट्रेलेबोर्गचं लाकूड ९८० च्या शरद ऋतूपासून ९८१ च्या वसंतापर्यंत तोडलेलं आहे, इतकं नेमकं वलयांवरून कळतं. २०२३ मध्ये या पाचही किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

एकाच आराखड्याचे किल्ले देशभर उभे करायचे तर एकच हुकूम देशभर चालावा लागतो. त्या अर्थाने ही मोठी कमाल होती.

पण उत्खननात आणखी एक गोष्ट दिसली. रावनिंगच्या पुलाची कधी दुरुस्ती झाल्याच्या खुणा नाहीत. किल्लेही फार थोडा काळ वापरात होते. जे दिमाखात बांधलं ते काही वर्षांतच सोडून दिलं गेलं. चिखलात रोवलेलं लाकूड निगा राखल्याशिवाय टिकत नाही. राज्याचंही तसंच असतं.

नॉर्वे सुटलं, मुलगा उलटला

नॉर्वे हॅराल्डने स्वतः राहून चालवलं नाही. त्याच्या वतीने हाकॉन नावाचा तिथला सरदार कारभार पाहायचा. हाकॉनने हॅराल्डचं वरिष्ठपण मान्य केलं होतं, जोवर सोयीचं होतं तोवर. पुढे त्याने डेन्मार्कचं ऐकणं सोडून दिलं आणि स्वतःच्या मर्जीने राज्य करू लागला. शिळेवर नॉर्वे कोरलेलं राहिलं, हातातून गेलं.

दक्षिणेकडे ९७४ मध्ये सम्राट दुसरा ओटो चालून आला. डानेविर्के नावाची सीमेवरची तटबंदी डेन लोकांनी काही वर्षांपूर्वीच मजबूत केली होती, तरी हार पत्करावी लागली. ९८३ मध्ये, सम्राट इटलीत गुंतलेला असताना, हॅराल्डने गमावलेला मुलूख परत मिळवला. यात बाल्टिक काठच्या स्लाव्ह लोकांशी असलेली सोयरीक कामी आली असावी. त्याची पत्नी टोवे ही स्लाव्ह सरदार मिस्तिवोय याची मुलगी. तिने आपल्या आईसाठी उभारलेली शिळा आजही डेन्मार्कात आहे.

पण घरातच धुसफुस सुरू झाली होती. पूल, किल्ले, तटबंदी हे सगळं माणसांच्या कष्टावर आणि करांवर उभं राहतं. सॅक्सो हा डॅनिश इतिहासकार दोनशे वर्षांनंतर एक गोष्ट सांगतो. आईच्या स्मारकासाठी राजाने जटलंडच्या किनाऱ्यावरचा एक प्रचंड दगड ओढून आणायचं काम काढलं आणि बैलांबरोबर माणसांनाही जुंपलं. त्याच वेळी तिकडे आरमार राजाच्या मुलाच्या बाजूने उठलं. हा प्रसंग जसाच्या तसा घडला असेल असं नाही. पण लोकांच्या आठवणीत राजाविषयीची तक्रार काय होती, ते यातून कळतं.

मुलाचं नाव स्वेन. ९८६ च्या आसपास त्याने बापाविरुद्ध बंड केलं. लढाईत हॅराल्ड जखमी झाला आणि जहाजातून समुद्रापलीकडे, स्लाव्ह लोकांच्या मुलखात गेला. ज्यांच्याशी सोयरीक होती त्यांनी आसरा दिला. तिथेच तो वारला. आदामच्या नोंदीप्रमाणे तो दिवस १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण. त्याचा देह झीलंड बेटावरच्या रॉस्किल्डला आणून त्यानेच बांधलेल्या चर्चमध्ये पुरला, असंही आदाम लिहितो. ती कबर मात्र आजवर सापडलेली नाही.

२०१८ मध्ये जर्मनीच्या र्‍यूगेन बेटावर एका हौशी संशोधकाला आणि त्याच्यासोबतच्या १३ वर्षांच्या शाळकरी मुलाला शेतात धातूचा तुकडा सापडला. तज्ज्ञांनी खोदलं तेव्हा चांदीची नाणी, दागिने आणि थोरच्या हातोडीचं पदक निघालं. सुमारे ६०० नाण्यांपैकी शंभराहून अधिक हॅराल्डच्या काळातली होती. राजा पळाला त्याच सुमाराचा हा ठेवा आहे. त्याच्याच माणसांपैकी कोणीतरी घाईघाईत पुरला आणि मग परत आलंच नाही, असा तर्क करता येतो.

शेवटी हिशेब काय झाला? नॉर्वे सुटलं. मुलगा सुटला. पण डेन्मार्क एक राहिला. बंड करून आलेल्या स्वेनने राज्याचे पुन्हा तुकडे केले नाहीत, उलट १०१३ मध्ये इंग्लंड जिंकलं. चर्चही टिकलं. स्वेनचा मुलगा क्नूट तर इंग्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे अशा तिन्ही देशांचा राजा झाला. जे समोरच्यांनी आपलं मानलं ते टिकलं. जे केवळ हॅराल्डच्या शब्दावर उभं होतं ते त्याच्या डोळ्यांदेखत गेलं.

हजार वर्षांनी टोरंटोत

आता थेट १९९० च्या दशकात येऊ. स्वीडनमधल्या लुंड शहरात एरिक्सन कंपनीचे इंजिनियर वायरशिवाय फोन आणि हेडसेट जोडायच्या खटपटीत होते. लुंड स्कोने प्रांतात आहे, म्हणजे एकेकाळच्या डॅनिश मुलखात. इंटेल आणि नोकिया या कंपन्याही अशाच कामाला लागल्या होत्या. प्रत्येकीचं नाव वेगळं, पद्धत वेगळी. तिघींनी वेगवेगळं काही बनवलं असतं तर एका कंपनीचा फोन दुसरीच्या हेडसेटशी कधी बोललाच नसता.

इंटेलचे जिम कार्डाक आणि एरिक्सनचे स्वेन मॅटिसन कामानिमित्त टोरंटोला गेले होते. संध्याकाळी गप्पा इतिहासावर आल्या. मॅटिसन यांनी व्हायकिंगांवरच्या एका कादंबरीविषयी सांगितलं. घरी परतल्यावर कार्डाक यांनी व्हायकिंगांचा इतिहास वाचला आणि त्यात त्यांना हॅराल्ड भेटला. भांडणाऱ्यांना जोडणारा राजा. आपणही कॉम्प्युटरवाले आणि फोनवाले जोडतोय, तर तात्पुरतं हेच नाव ठेवू, असं त्यांनी सुचवलं.

नाव खरंच तात्पुरतं होतं. पक्क्या नावासाठी रेडिओवायर आणि पॅन असे दोन पर्याय होते. पॅन हा शब्द इंटरनेटवर आधीच हजारो ठिकाणी वापरात होता आणि रेडिओवायरच्या ट्रेडमार्कचा शोध वेळेत पुरा झाला नाही. मग ब्लूटूथच राहिलं. मे १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन ते जाहीर केलं. फोनवर दिसणारं निळं चिन्हही राजाचंच आहे. रून लिपीतली ह आणि ब ही दोन अक्षरं एकमेकांवर ठेवली की ते बनतं. हॅराल्डचा ह, ब्लोटानचा ब.

मग तुमच्या गाडीत नेमकं बिघडतं काय?

फोन आणि गाडी पहिल्यांदा जुळवतो त्याला पेअरिंग म्हणतात. दोन्ही पडद्यांवर एकच सहा आकडी संख्या दिसते आणि आपण दोन्हीकडे होकार देतो. त्या वेळी दोघं मिळून एक गुप्त किल्ली बनवतात आणि तिची एकेक प्रत आपापल्या स्मरणात ठेवतात. पुढच्या वेळी गाडी सुरू झाली, की दोघं किल्ली ताडून पाहतात. जुळली तर जोडणी होते.

म्हणजे ओळख दोन्ही बाजूंनी जपलेली असावी लागते. एका बाजूने किल्ली पुसली, पण दुसरीने जुनीच धरून ठेवली, तर जोडणी होणार नाही. फोन रीसेट केला, फोन बदलला किंवा गाडीच्या सिस्टिमचं अपडेट आलं, की अनेकदा नेमकं हेच होतं. नॉर्वे आपलंच आहे असं शिळेवर कोरून ठेवलेलं, पण हाकॉनला ते मान्य नाही, तशी गत.

म्हणून नुसतं ब्लूटूथ बंद-चालू करत बसू नका. या क्रमाने जा:

१. गाडी बाजूला उभी करा. बऱ्याच गाड्या चालत्या स्थितीत नवा फोन जोडूच देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. समृद्धी महामार्गावर १०० च्या वेगात एक सेकंद पडद्याकडे पाहिलं, तर तेवढ्यात गाडी जवळपास २८ मीटर पुढे गेलेली असते.

२. फोन आणि गाडीची सिस्टिम दोन्ही एकदा पूर्ण बंद करून सुरू करा. अनेक गाड्यांमध्ये चावी काढली तरी दार उघडेपर्यंत पडदा चालूच राहतो. दार उघडा, दोन मिनिटं थांबा.

३. गाडीत दुसरा फोन आधीच जोडला गेलाय का ते पाहा. घरातल्या दोघांचे फोन एकाच गाडीला जोडलेले असतील, तर गाडी बायकोचा फोन धरून बसते आणि नवऱ्याला वाटतं आपलाच फोन बिघडला. दुसऱ्या फोनचं ब्लूटूथ थोडा वेळ बंद करा.

४. तरी नाही जमलं, तर जोडणी दोन्हीकडून काढून टाका. फोनच्या ब्लूटूथ यादीतून गाडीचं नाव काढा आणि गाडीच्या यादीतून फोनचं. मग नव्याने पेअरिंग करा. बहुतेक लोक फक्त फोनमधून काढतात आणि इथेच अडकतात.

५. गाडीच्या यादीत ठरावीकच फोन मावतात. जुने, विकलेले, पाहुण्यांचे फोन काढून जागा करा.

६. फोन येतो पण गाणी वाजत नाहीत, किंवा उलट होतं? कॉल, गाणी आणि संपर्क यादी यांच्या जोडण्या आतून वेगवेगळ्या असतात. फोनमध्ये गाडीच्या नावावर जाऊन कॉल, मीडिया ऑडिओ आणि संपर्क हे तिन्ही पर्याय चालू आहेत का ते पाहा.

७. एवढं करूनही जमलं नाही, तर फोन आणि गाडी दोन्हींचं सॉफ्टवेअर अपडेट तपासा. गाडीचं अपडेट सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्यावं लागू शकतं.

आजूबाजूच्या वायफायमुळे वगैरे गोंधळ होतो, अशी अनेकांची समजूत असते. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि तिथे गर्दी असते हे खरं. पण गाणी आणि कॉल वाहून नेणारं ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतं. एका वाहिनीवर गर्दी असली तर पुढच्या क्षणी ते दुसरीवर असतं. गाडीसारख्या छोट्या जागेत हवेतला अडथळा क्वचितच कारण ठरतो. बिघाड बहुतेकदा स्मरणातल्या किल्लीत असतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. जुनी गाडी विकताना किंवा भाड्याची गाडी परत करताना तिच्या यादीतून आपला फोन काढून टाका. अनेक गाड्या आपली संपर्क यादी आणि कॉलची नोंद साठवून ठेवतात. तुम्ही गाडी विकून मोकळे होता, पण तुमच्या आत्या-मामांचे नंबर नव्या मालकाच्या पडद्यावर तसेच दिसत राहतात. जुनी गाडी घेतली असेल, तर आधीच्या मालकाचा फोनही पहिल्याच दिवशी काढा.

हॅराल्डने आपल्या राज्याची नोंद १० टनांच्या दगडावर केली. ती हजार वर्षं पुसली गेली नाही. पण नॉर्वेने त्या नोंदीला आपल्याकडून हो म्हटलं नाही आणि स्वेननेही म्हटलं नाही, म्हणून राजाला परमुलखात मरावं लागलं. तेव्हा पुढच्या वेळी गाडीने तुमचा फोन ओळखला नाही, तर राजाला शिव्या देण्याआधी एवढंच बघा: यादी दोन्हीकडची पुसली आहे ना?